लिंकनचा मारेकरी बूथ: वखारीत मेला की ओक्लाहोमात? आणि ती ममी गेली कुठे?

आडवाटेचा
डॅलसजवळ ग्रॅनबरी नावाचं टुमदार गाव आहे. चौकात जुनं कोर्ट, बाजूला जुनं ऑपेरा हाउस. लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ १८७०च्या दशकात आमच्याच गावात गुत्त्यावर दारू ओतायचा, असं तिथली मंडळी छातीठोकपणे सांगतात. नाव लावायचा जॉन सेंट हेलन. शेक्सपिअर तोंडपाठ. एकदा आजारी पडला, आता काही वाचत नाही असं वाटलं, तेव्हा फिनिस बेट्स नावाच्या वकिलाला जवळ बोलावून म्हणाला, मीच बूथ. पुढे बरा झाला आणि गाव सोडून गेला.

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी १९०३ मध्ये ओक्लाहोमातल्या ईनिड गावी डेव्हिड जॉर्ज नावाच्या रंगाऱ्याने विष घेऊन जीव दिला. त्यानेही आधी कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं की मी बूथ. बेट्स वकील धावत ईनिडला गेले आणि म्हणाले, हा तर माझा सेंट हेलन! मृतदेहावर कुणी हक्क सांगेना. तिथल्या अंत्यविधीवाल्याने मसाला भरून तो वर्षानुवर्षं दुकानात ठेवला. खुर्चीत बसवून, हातात वर्तमानपत्र देऊन. नंतर ती ममी बेट्सकडे गेली आणि पुढे जत्रांमधून, सर्कशींतून तिकीट लावून फिरली.

शाळेत आपण एवढंच शिकलो की बूथला बारा दिवसांत गाठून मारला. या ममीवाल्या कथेत काही दम आहे का? आणि ती ममी आज कुठे आहे? जाणकारांनी लिहावं.

कोकणी_मिरची
बसले. चहा ठेवलाय.

वायफळ
मेलेला माणूस पेपर वाचतोय आणि लोक तिकीट काढून बघतायत. आमच्या ऑफिसात हे फुकट बघायला मिळतं.

बाल्टिमोरकर
दम नाही. पण कथा का टिकली ते मजेशीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडे. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये विनोदी नाटक चालू होतं. बूथ स्वतः नावाजलेला नट, त्यामुळे त्याला सगळीकडे मुक्तद्वार. नाटक त्याला वाक्यावाक्याने माहीत होतं. ज्या वाक्याला सगळं प्रेक्षागृह खो खो हसतं, तो क्षण साधून त्याने लिंकनच्या डोक्यात गोळी झाडली, म्हणजे आवाज हशात बुडावा. पिस्तूल एकबारी. शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोनवर सुरा चालवला, सज्जातून खाली रंगमंचावर उडी घेतली, ‘जुलमी राजांची हीच गत’ अशा अर्थाचं व्हर्जिनिया राज्याचं लॅटिन ब्रीदवाक्य ओरडला आणि मागच्या दाराने घोड्यावर पसार. डाव्या पायाचं हाड मोडलेलं.

नेव्ही यार्ड पुलावर रात्री नऊनंतर कुणाला सोडायचं नाही असा हुकूम होता. पहारेकऱ्याने नाव विचारलं, तर पठ्ठ्याने खरं नाव सांगितलं! आणि त्याने सोडलं. थोड्या वेळाने साथीदार डेव्हिड हेरॉल्डही त्याच पुलावरून गेला. वाटेत सरॅट बाईंच्या खानावळीतून आधीच ठेवलेली बंदूक घेतली आणि पहाटे चारला डॉ. सॅम्युएल मड यांच्या दारात. डॉक्टरांनी बूट कापून पाय बांधून दिला.

त्यानंतर चारपाच दिवस दोघं पाइनच्या गर्द झाडीत लपून राहिले. शेकोटी नाही की तंबू नाही. टॉमस जोन्स नावाचा, यादवी युद्धातला दक्षिणेचा जुना हेर त्यांना जेवण आणि वर्तमानपत्रं पोचवत होता. तिघा फरारींवर मिळून एक लाख डॉलरचं इनाम लागलेलं, त्यातले पन्नास हजार एकट्या बूथवर. जोन्सने तोंड उघडलं असतं तर सात पिढ्यांची सोय होती. उघडलं नाही.

बूथला धक्का वर्तमानपत्रांनी दिला. त्याला वाटलं होतं दक्षिण त्याला डोक्यावर घेईल. प्रत्यक्षात दक्षिणेतलीही बरीच वर्तमानपत्रं त्याला शिव्या घालत होती. नटाला परीक्षण वाईट आलेलं सोसत नाही. खिशातल्या डायरीत त्याने लिहून ठेवलंय की ब्रूटसला ज्यासाठी मान मिळाला, तेच केलं म्हणून माझ्यामागे कुत्र्यासारखे लागलेत.

पुढचं नंतर लिहितो. जेवायला हाक आली.

सुलेखा_डी
हे वाचून पाय मोडलेल्या माणसाची दया येते की काय अशी भीती वाटली. जेवण लवकर आटपा.

रिकामटेकडा
पाय उडी मारताना मोडला हे नक्की का? घोडा अंगावर पडून मोडला असाही एक पक्ष आहे. मोडक्या पायाने रंगमंच ओलांडून पळताना लंगडल्याचं बऱ्याच साक्षीदारांनी सांगितलेलं नाही.

बाल्टिमोरकर
हो, तो पक्ष आहे, आणि अगदीच टाकाऊ नाही. डायरीत त्याने उडीचंच कारण दिलंय. पण डायरीत त्याने मोडक्या पायाने त्या रात्री साठ मैल दौड मारली असंही लिहिलंय, जे अंतर निम्म्याच्या आसपास भरतं. नाटकी माणूस. घोड्यावरून पडलो असं कशाला लिहील?

तर पुढे. पोटोमॅक नदी ओलांडताना अंधारात भलतीकडेच वल्हवत गेले आणि पुन्हा मेरीलँडलाच लागले. दुसऱ्या प्रयत्नात व्हर्जिनिया गाठलं. तिथे डॉ. स्टुअर्ट नावाच्या बड्या जमीनदाराने जेवू घातलं, पण रात्री घरात ठेवून घ्यायला नकार दिला. बूथला एवढा राग आला की त्याने डायरीचं पान फाडून खोचक चिठ्ठी लिहिली आणि जेवणाचे म्हणून अडीच डॉलर पाठवले. ती रात्र त्यांनी विल्यम ल्यूकस या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाच्या झोपडीत काढली. म्हणजे घरच्यांना दमदाटी करून बाहेर काढलं आणि आत झोपले.

२४ एप्रिलला पोर्ट रॉयलजवळ गॅरेट यांच्या शेतावर. नाव सांगितलं बॉइड, जखमी सैनिक. २६ एप्रिलच्या पहाटे सोळाव्या न्यूयॉर्क घोडदळाच्या तुकडीने तंबाखूची वखार घेरली. हेरॉल्ड बाहेर येऊन शरण गेला. बूथ येईना, म्हणून वखारीला आग लावली. फळ्यांच्या फटीतून सार्जंट बॉस्टन कॉर्बेटने गोळी घातली, ती मानेत. ओढून घराच्या ओसरीवर आणला. दोनतीन तास जिवंत होता. उजाडल्यावर मेला.

डॉ_अनुराधा
मानेच्या गोळीबद्दल दोन शब्द. गोळी मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू छेदून गेली होती. म्हणजे मानेखाली सगळं लुळं. शुद्ध होती, बोलणं क्षीण, आणि श्वासाचे स्नायू हळूहळू हरत गेले. फार वाईट मरण. माझे हात वर धरा असं त्याने सांगितलं, कुणी धरले, त्यांच्याकडे बघत तो “निरुपयोगी, निरुपयोगी” म्हणाला. लोक याचा अर्थ पश्चात्ताप असा लावतात. मला तरी वाटतं माणूस आपल्या हातांबद्दलच बोलत होता.

शवविच्छेदन २७ एप्रिलला ‘मॉन्टॉक’ या चिलखती युद्धनौकेवर झालं. मानेचे तिसरा, चौथा आणि पाचवा हे मणके काढून ठेवले. ते आजही मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाकडे आहेत. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात त्याच्या ऊतींचा छोटा तुकडा आहे. त्यामुळे बूथ कुठे आहे याचं खरं उत्तर, तीन गावांत विभागून आहे.

वायफळ
तीन गावांत मालमत्ता. चांगलं आहे.

निवृत्त_मास्तर
आडवाटेचा यांनी चांगला विषय काढला. मला यात आपल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण झाली. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही, कुंकू पुसलं नाही. मग ‘मीच भाऊ’ म्हणणारा उभा राहिला, कोकणात किल्ले घेतले, लोक झुंडीने सामील झाले. शेवटी आंग्र्यांच्या हाती लागला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. देह लोकांनी डोळ्यांनी पाहिला नाही की तोतया येतोच.

रिकामटेकडा
मास्तर, पण तोतयाच्या मागे राज्याचं राजकारण होतं. ईनिडच्या रंगाऱ्याला काय मिळणार होतं? आपण फाशीच्या लायकीचा माणूस आहोत असं कुणी उगाच कशाला सांगेल?

निवृत्त_मास्तर
कफल्लक, एकटा, व्यसनी माणूस. मरताना तरी कुणीतरी असावंसं वाटलं असेल. मी चाळीत असे दोघं पाहिलेत. एक नेताजींचा ड्रायव्हर होता, दुसरा राज कपूरचा डुप्लिकेट.

कोकणी_मिरची
दुसरा तर आमच्याही चाळीत होता!

संपादक_मंडळ
विषय अमेरिकेतल्या हत्येचा आहे. आपल्याकडच्या हत्यांशी तुलना करणारे काही प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढू नये ही विनंती.

आडवाटेचा
बाल्टिमोरकर, ओसरीवर मेला इथपर्यंत पटलं. पण मेला तो बूथच, हे कशावरून? बेट्स वकिलांच्या पुस्तकात सेंट हेलन म्हणतो की वखारीत भलताच माणूस, शेतावरचा एक मुकादम मेला, त्याच्या खिशात माझे कागद होते. आणि ओळख पटवायला बोलावलेले डॉ. मे आधी म्हणाले होते की हा बूथसारखा दिसतच नाही. शिवाय कटाचा सूत्रधार उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनच होता असंही सेंट हेलन सांगतो. हत्येच्या दिवशी बूथने जॉन्सनच्या हॉटेलात स्वतःचं कार्ड ठेवलं होतं, हे तर सगळेच मान्य करतात.

बाल्टिमोरकर
डॉ. मे यांचं अर्धंच वाक्य सगळे सांगतात. त्यांनी पूर्वी बूथच्या मानेवरची गाठ काढली होती. ती जखम नंतर उसवल्यामुळे व्रण वेडावाकडा झालेला. प्रेत बघितल्यावर त्यांना चेहरा ओळखू येईना, कारण बारा दिवस उपाशी, उन्हापावसात काढलेला, मिशी भादरलेला माणूस होता तो. मग त्यांनी न बघताच व्रण कुठे आणि कसा असेल ते सांगितलं, आणि तो तसाच निघाला. शिवाय हातावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं गोंदलेली. तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा फुकट देतो: डॉ. मे यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत मोडलेला पाय उजवा म्हटलाय. ममीवाले यावर पोट भरतात. म्हाताऱ्या माणसाने वीसेक वर्षांनी डावंउजवं केलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मुकादमच मेला असेल तर हेरॉल्ड का गप्प बसला? त्याला ७ जुलै १८६५ला फाशी दिलं. “अहो, आत भलताच होता” एवढं सांगून निदान खटला तरी लांबवता आला असता.

जॉन्सनचं म्हणाल तर कटात जॉन्सनला मारायची कामगिरी अॅट्झेरॉटकडे होती. तो त्याच हॉटेलात खोली घेऊन राहिला, खाली बारमध्ये धीर गोळा करता करता प्यायला आणि निघून गेला. सूत्रधार स्वतःच्याच खुनाची सुपारी देतो का?

वायफळ
अॅट्झेरॉट हा इतिहासातला एकमेव माणूस, ज्याच्या दारूने कुणाचा तरी जीव वाचवला.

सुलेखा_डी
पण त्यालाही फाशी झालीच ना?

बाल्टिमोरकर
झाली. कटातलाच पॉवेल, हेरॉल्ड, अॅट्झेरॉट आणि मेरी सरॅट, चौघं एकाच तख्तावर. अमेरिकेच्या केंद्र सरकारने फाशी दिलेली ती पहिली बाई. तिचा मुलगा जॉन सरॅट मात्र कॅनडा, इंग्लंड करत रोमला पोचला आणि चक्क पोपच्या सैन्यात भरती झाला. ओळखला गेल्यावर तिथून निसटला, शेवटी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला सापडला. १८६७ मध्ये खटला चालला, ज्यूरीचं एकमत होईना, सुटला. १९१६ पर्यंत जगला. फरारी म्हणून खरी थरारक गोष्ट याची आहे, पण त्याची ममी झाली नाही म्हणून कुणी विचारत नाही.

डॉ. मड यांना जन्मठेप, फ्लोरिडाच्या टोकाला समुद्रातल्या फोर्ट जेफरसनवर. १८६७ मध्ये तिथे पीतज्वराची साथ आली, तुरुंगाचा डॉक्टर मेला, यांनी रुग्ण सांभाळले. १८६९ मध्ये, लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सनने माफी दिली.

निवृत्त_मास्तर
लिंकन म्हटलं की आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यातलं फ्रेम केलेलं हेडमास्तरांचं पत्र आठवतं. मुलं घडघडा म्हणायची.

रिकामटेकडा
मास्तर, रागावू नका, पण ते पत्र लिंकनचं असल्याचा कागदोपत्री काहीच पुरावा नाही. त्याच्या संग्रहित लेखनात ते नाही.

निवृत्त_मास्तर
माहीत आहे. फ्रेम काढायला गेलात तर शाळा समिती तुम्हालाच काढेल.

कोकणी_मिरची
म्हणजे पत्र तोतया, ममी तोतया. लिंकनबाबतीत खरं काय आहे ते तरी सांगा.

मृणाल_के
ममीपेक्षा मला बूथच्या घरची गोष्ट जास्त विलक्षण वाटते. बाप जुनियस ब्रूटस बूथ हा इंग्लंडहून आलेला मोठा नट. नावातच ब्रूटस! थोरला भाऊ एडविन हा त्या काळातला अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ हॅम्लेट. नोव्हेंबर १८६४ मध्ये न्यूयॉर्कला तिन्ही भावांनी मिळून ‘ज्युलियस सीझर’ केलं. सेंट्रल पार्कात शेक्सपिअरचा पुतळा उभारायला पैसे हवे होते म्हणून. एडविन ब्रूटस, बापाचंच नाव लावणारा भाऊ जुनियस कॅशियस आणि जॉन झाला मार्क अँटनी. खुनी ब्रूटसची भूमिका थोरल्याकडे आणि खुनावर रडणारा हा. पाच महिन्यांनी उलटं झालं.

घरात राजकारणावरून रोजची भांडणं. एडविन लिंकनचा समर्थक, मत त्यालाच दिलं. आणि याच एडविनने जर्सी सिटीच्या स्टेशनवर गाडी आणि फलाटाच्या मध्ये घसरलेल्या एका तरुणाला कोटाची कॉलर धरून वर ओढलं होतं. तो तरुण म्हणजे लिंकनचा मुलगा रॉबर्ट. हत्येनंतर एडविनने रंगभूमी सोडली, पण काही महिन्यांतच परत आला. लोकांनी उभं राहून स्वागत केलं. धाकट्याचं नाव मात्र त्याच्यासमोर कुणी काढायचं नाही.

वायफळ
हाच रॉबर्ट लिंकन १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडली तेव्हा स्टेशनवर हजर होता आणि १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीवर झाडली तेव्हा बफेलोत पोचत होता. मुंजीचं आमंत्रण देताना विचार करावा असा माणूस.

डॉ_अनुराधा
सज्जात बसलेल्या रॅथबोनचं पुढे काय झालं ते वाचवत नाही. त्या रात्री सोबत असलेल्या क्लारा हॅरिसशी त्याने लग्न केलं. मनाने तो कधी सावरलाच नाही. १८८३ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला असताना तिला मारलं, स्वतःवर सुरा चालवला. १९११ मध्ये जर्मनीतच, हिल्डेसहाइमच्या मनोरुग्णालयात वारला.

रिकामटेकडा
आणि कॉर्बेट? ज्याने बूथला मारलं तोही सरळ नव्हता म्हणे.

बाल्टिमोरकर
सरळ? तो टोपीवाला होता. फेल्टच्या टोप्या बनवताना तेव्हा पारा वापरत, आणि त्याच्या वाफेने कारागिरांची डोकी बिघडत. १८५८ मध्ये बॉस्टनमध्ये दोन वेश्यांनी बोलावलं, मोह झाला म्हणून घरी येऊन याने कात्रीने स्वतःचं खच्चीकरण केलं. मग म्हणे प्रार्थनेला गेला आणि जेवला. बूथवर गोळी झाडायला वरिष्ठांचा हुकूम नव्हता. विचारल्यावर म्हणाला, देवाने सांगितलं. इनामातला वाटा १,६५३ डॉलर ८४ सेंट.

पुढे कॅन्ससच्या विधानभवनात द्वारपाल झाला. १८८७ मध्ये तिथे पिस्तूल काढून धावला, म्हणून टोपेकाच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकला. १८८८ मध्ये तिथून एका पोराचा घोडा घेऊन पळाला. मेक्सिकोला जातो असं मित्राला सांगून गेला, तो आजतागायत कुणाला दिसलेला नाही. म्हणजे ज्याचं प्रेत सरकारच्या ताब्यात होतं त्याला शोधत लोक टेक्सास पालथं घालतात, आणि खरोखर गायब झाला तो त्याला मारणारा. आणि याचेही तोतये निघाले. त्यातल्या एकाने कॉर्बेटच्या नावाने पेन्शन मागितलं आणि खडी फोडायला गेला. हा औषधं विकत कुठे फिरायचा माहीत आहे? ईनिड, ओक्लाहोमा.

आडवाटेचा
ईनिडच?

बाल्टिमोरकर
ईनिडच.

वायफळ
त्या गावच्या पाण्याची तपासणी झाली पाहिजे.

मृणाल_के
पण आडवाटेचा यांचा मूळ प्रश्न राहिलाच. कथा टिकली का?

बाल्टिमोरकर
माझं मत विचाराल तर दोष युद्धमंत्री एडविन स्टँटनचा. प्रेत लोकांना दाखवलं तर दक्षिणेचे लोक त्याचा हुतात्मा करतील, समाधी बांधतील, ही त्याची भीती. म्हणून सगळं गुपचूप. युद्धनौकेवरून एका होडीत काहीतरी जड लादून नेल्याचं मुद्दाम दिसू दिलं, म्हणजे पाण्यात बुडवला असं लोकांना वाटावं. लोकांनी गळ टाकून नदी चाळली. एका सचित्र साप्ताहिकाने तर प्रेत पाण्यात सोडतानाचं चित्रही छापलं. प्रत्यक्षात वॉशिंग्टनच्या शस्त्रागारातल्या जुन्या तुरुंगात फरशी उखडून पुरला. १८६७ मध्ये तिथून काढून आवारातल्याच गोदामात. त्यात बूथची डायरीही सरकारने दोन वर्षं दाबून ठेवली, आणि बाहेर आली तेव्हा मधली पानं गायब. एक पान अडीच डॉलरच्या चिठ्ठीत गेलं हे आपल्याला माहीत आहे, पण लोक विचारणारच की बाकीच्यांत काय होतं.

उघड्यावर चार दिवस ठेवलं असतं तर बेट्सच्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

निवृत्त_मास्तर
हे पटलं. मात्र स्टँटनची भीती खोटी नव्हती. समाधी झालीच असती.

रिकामटेकडा
मला नाही पटलं. केनेडींचा मारेकरी ओस्वाल्ड याला तर टीव्हीवर लाखो लोकांसमोर मारलं, पुरलं, तरी शंका आलीच. पुरलाय तो रशियाने पाठवलेला तोतया आहे असं एका इंग्रज लेखकाने म्हटलं, आणि ४ ऑक्टोबर १९८१ला फोर्ट वर्थच्या दफनभूमीतून त्याला उकरावं लागलं. दात जुळले. लहानपणी कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती, तिची खूण कवटीवर मिळाली. ओस्वाल्डच होता. शंका घेणारे तरीही थांबले नाहीत. बरं, आधीची शवपेटी खराब झाली म्हणून बदलली, ती जुनी २०१०च्या लिलावात सुमारे ८७ हजार डॉलरला गेली. लोकांना खरं नको असतं, वस्तू हवी असते. स्टँटनने काहीही केलं असतं तरी कुणीतरी बेट्स निघालाच असता.

डॉ_अनुराधा
यावर सर्वात कडक इलाज मॅकिन्लीच्या मारेकऱ्यावर झाला. चोल्गोश. १९०१ मध्ये ऑबर्न तुरुंगात विजेच्या खुर्चीत मारला आणि शवपेटीत सल्फ्युरिक आम्ल ओतलं. काहीच शिल्लक ठेवायचं नाही म्हणून. गारफिल्डचा मारेकरी गिटो मात्र संग्रहालयात. त्याचा सांगाडा बूथच्या मणक्यांचा शेजारी.

कोकणी_मिरची
त्या संग्रहालयात रात्रपाळीला कोण असतं हो? नोकरी नको, नुसतं विचारतेय.

आडवाटेचा
मग उकरायला काय हरकत आहे? ओस्वाल्डला उकरला तसा बूथलाही.

बाल्टिमोरकर
प्रयत्न झालाय. फेब्रुवारी १८६९ मध्ये जॉन्सनने प्रेत घरच्यांना दिलं. बाल्टिमोरच्या अंत्यविधीवाल्याकडे घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी पाहिलं, दातांवरून खात्री केली, आणि ग्रीन माउंट दफनभूमीत बूथ घराण्याच्या जागेत पुरलं. १९९५ मध्ये उकरण्यासाठी अर्ज झाला, दूरच्या नातेवाइकांचाही पाठिंबा होता. बाल्टिमोरच्या न्यायाधीशांनी फेटाळला, पुढच्या वर्षी अपिलातही तेच. नेमका कुठल्या जागी आहे ते नक्की नाही, बालपणी गेलेली तीन भावंडं बहुधा त्याच्याच वर पुरलेली आहेत, पाणी झिरपून आत काही उरलं असेलच असं नाही, आणि निसटल्याची कथा काही पटण्यासारखी नाही.

मी गेलोय तिथे. बापाच्या स्मारकस्तंभावर मुलांच्या यादीत जॉन विल्क्स हे नाव आहे. कबरीवर नाव नाही. शेजारी बिननावाचा छोटा पांढरा दगड आहे, लोक तोच त्याचा समजतात आणि त्यावर एक सेंटची नाणी ठेवून जातात. नाण्यावर लिंकनचा मुखडा असतो, तो वर करून. लिंकनच्या अपहरणाच्या आधीच्या कटातले अर्नॉल्ड आणि ओलॉफलिनही त्याच दफनभूमीत आहेत. आजूबाजूची वस्ती जरा बघून जावं, एकट्याने संध्याकाळी नको.

सुलेखा_डी
आणि ममी? सकाळपासून मी तेवढ्यासाठी वाचतेय.

मृणाल_के
बेट्स १९२३ मध्ये वारले. त्यांच्या मागे ममी जत्रावाल्यांकडे गेली. वाटेत चोरीला गेली, सर्कशीच्या रेल्वे अपघातातूनही वाचली. १९३१ मध्ये शिकागोत काही डॉक्टरांनी क्ष-किरण काढून मोडलेला पाय आणि मानेवरचा व्रण दिसला असं जाहीर केलं. मग अंगभर गोंदलेला एक सर्कसवाला आणि त्याची बायको तिला घेऊन गावोगाव फिरत. १९७०च्या दशकानंतर थांगपत्ता नाही. कुणा खासगी संग्राहकाच्या तळघरात असावी असा समज आहे. आणि सिनेमावाल्यांसाठी: अभिनेत्री कॅथी बेट्स ही याच बेट्स वकिलांची नात.

वायफळ
नाटक त्या धाग्यातून सुटतच नाही.

डॉ_अनुराधा
ममी सापडली तर निकाल लावणं सोपं आहे. एडविन अमेरिकेतल्याच केंब्रिजमध्ये माउंट ऑबर्नला पुरलाय, मणके संग्रहालयात आहेत. डीएनए जुळवला की झालं. मणक्यांतून नमुना काढू द्या अशी मागणी झाली होती, लष्कराने नाही म्हटलं, कारण हाड थोडंसं का होईना नष्ट होतं. ममी ज्याच्याकडे असेल तोही तपासणीला देणार नाही. तपासेपर्यंत ती बूथ आहे. तपासली की ईनिडचा रंगारी.

रिकामटेकडा
आणि रंगाऱ्याला लिलावात कोण विचारतो.

आडवाटेचा
सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात विचिटाला काम आहे, ईनिड वाटेवरच पडतं. तो अंत्यविधीवाला फर्निचरही विकायचा आणि ममी त्याच दुकानात बसवली होती. ती जागा शोधतो, फोटो टाकतो.

कोकणी_मिरची
जा, पण तिथे कुणी ‘मी अमुक’ म्हणाला तर आधार कार्ड बघा.

वायफळ
आणि ममी विक्रीला दिसलीच तर इथे कळवा. वर्गणी काढू.

रिकामटेकडा
८०जी लागू होईल का?